जर्मनीचा कायदा आणि बीडचा कोयता

इथे जर्मनीतल्या मोठ्या कंपन्या माल घेताना आता भाव आणि दर्जा यांच्याबरोबर कामगारांना कसं वागवलं जातं हेही विचारतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात अशी प्रश्नावली आली, तर तिच्यामागे जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा असू शकतो. १ जानेवारी २०२३ पासून तो जर्मनीत किमान ३ हजार कामगार असलेल्या कंपन्यांना लागू झाला आणि २०२४ पासून ही मर्यादा १ हजारावर आली. वर्षातून एकदा जोखीम तपासा, तक्रारीची सोय ठेवा, हक्कांचं उल्लंघन दिसलं तर ते थांबवा किंवा कमी करा, असं तो सांगतो. पण थेट पुरवठादाराच्या पलीकडे काही चुकतंय अशी ठोस माहिती मिळाल्यावरच तपासणी बंधनकारक होते. नेमकं तिथेच बीडच्या ऊसतोड मजुरांचं दुखणं सुटून जातं.

साखर घ्या. कारखान्याच्या गेटच्या आत पगारपत्रक, हेल्मेट सगळं नीट असतं. ऊसतोडणीचा करार मात्र वाहतूकदाराशी, त्याचा व्यवहार मजूर आणणाऱ्या मुकादमाशी आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेणारं जोडपं सगळ्यात शेवटी. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब टनावर, पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात. खाडा झाला की दंड. पाळीच्या दुखण्यातही खाडा परवडत नाही. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, त्याचं एक मूळ या दंडात आहे.

म्हणून ज्या कंपनीला हे मनापासून करायचंय तिने साखळी कोयत्यापर्यंत कागदावर काढावी. उचल किती, टनामागे किती कापली, बाकी किती, याची मराठीत लिहिलेली पावती दर पंधरवड्याला मिळाली पाहिजे. बाकी फिटेपर्यंत माणसाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे आणि आपल्याकडे तिच्यावर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. बाईची मजुरी तिच्याच खात्यात जावी, आजारपणाचा खाडा दंडातून वगळावा, मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) पाणी आणि संडास असावा. हा खर्च मुकादमावर ढकलला तर तो फिरून उचलीतच चढतो, त्यामुळे तोडणीच्या दरात तो वेगळा धरावा लागतो.

तक्रारपेटी गेटवर टांगून काही होत नाही. तिच्याशेजारी मुकादम उभा असेल तर चिठ्ठी टाकणार कोण? फोन नंबर हवा, पलीकडे मराठी बोलणारी बाई हवी, आणि नाव गुप्त राहील याची हमी हवी.

वाळूजसारख्या ठिकाणी वेगळी खूण शोधावी: गेटवरच्या आत-बाहेरच्या नोंदी पगारपत्रकाशी ताडून पाहाव्यात. आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. नोंदीत तास आहेत आणि पत्रकात नाहीत, असं दिसलं की पुढचं विचारावं. आणि खरेदीदारानेही स्वतःला विचारावं. शुक्रवारी ऑर्डर बदलून सोमवारी माल मागितला, तर डबल शिफ्ट त्यानेच लावली.

दोष सापडला की करार तोडून मोकळं होणं सोपं असतं, पण मग मजुराची मजुरीच जाते. जर्मन कायद्यातही तोडणं हा शेवटचा उपाय आहे. आधी मुदत घालून सुधारणा मागायची.

तपासणीची तारीखही बघून ठरवा. जून-जुलैत गळीत बंद असतं, कोप्या मोडलेल्या असतात, तोडणारे गावी असतात. डिसेंबर-जानेवारीत या, पहाटे फडात जा, आणि बायकांशी मुकादम नसताना बोला.