मोज्यातला मायक्रोबिट

शाळेत 'वेअरेबल' म्हटलं की मनगटावरचा तयार फिटनेस बँड आठवतो. शिकवायला तो जवळजवळ निरुपयोगी. आकडा दाखवतो, पण तो आला कुठून, हे विचारायची सोय नाही. त्यापेक्षा बीबीसीचा मायक्रोबिट बरा. ४ बाय ५ सेंटिमीटरची, मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहून चालवायची ही उघडी सर्किटची पाटी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या मुलांना फुकट वाटली होती. समोर २५ एलईडी, आत हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर. पावलं मोजायचं यंत्र बनवायला हिच्याखेरीज दोन एएए सेलची डबी आणि मोजा एवढंच लागतं.

मेककोडमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून मायक्रोबिटचा प्रोग्राम लिहायच्या वेबसाइटवर, बहुतेक जण 'ऑन शेक' (हलवल्यावर चालणारा) ब्लॉक ओढतात. पण शेक ओळखायला मागेपुढे बरेच हेलकावे लागतात, म्हणून सावकाश चालणाऱ्याची पावलं सुटतात. त्याऐवजी 'अ‍ॅक्सेलरेशन'च्या यादीतलं 'स्ट्रेंग्थ', म्हणजे तिन्ही दिशांचा मिळून एकूण जोर, निवडा. पाटी टेबलावर स्थिर असताना आकडा हजाराच्या आसपास दिसतो. ते गुरुत्वाकर्षण. मुलांना इथे थांबवा, कारण 'काहीच हलत नाही तर शून्य का नाही?' हा प्रश्न पडलाच पाहिजे.

मग सतत फिरत राहणाऱ्या 'फॉरेव्हर' ब्लॉकमध्ये अट: स्ट्रेंग्थ १५००च्या वर गेली की पावलं १ने वाढव आणि ४०० मिलिसेकंद थांब. हे थांबणं विसरलात तर टाच टेकल्यावरचा एकच हादरा तीन-चार पावलं म्हणून मोजला जातो. थांबूनही दुप्पट आकडा येत असेल, तर पाय पुढे झोकतानाही १५०० ओलांडलं जातंय. १८००, २००० असं वाढवत जा. बरोबर उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, पायात आहे.

आकडा दाखवण्याचं काम बटण 'ए'कडे द्या. फॉरेव्हरमध्येच 'शो नंबर' (आकडा दाखवणारा ब्लॉक) टाकला की दोन आकडी संख्या सरकत जाते, आणि तेवढ्या वेळात पडलेलं पाऊल मोजलंच जात नाही. एकाच पायाला बांधलंय म्हणून शेवटी दोनाने गुणायचं, हे सांगायला मात्र मुलांना घाई असते!

पाटी छोट्या झिपच्या पिशवीत घालून घोट्याच्या बाहेरच्या बाजूने मोज्यात खोचा. पिशवी नुसती घामासाठी नाही. खालच्या कडेला ३व्ही (वीज) आणि जीएनडी (ग्राउंड) या धातूच्या पट्ट्या शेजारी-शेजारी आहेत, त्यावर पैंजण टेकलं तर शॉर्ट होतो. सेलची डबी पाटीमागे चिकटपट्टीने घट्ट बसवा. धावताना सेल क्षणभर हलला तरी पाटी पुन्हा सुरू होते आणि मोजणी शून्यावर येते. नवीन, म्हणजे व्ही-२ पाटीत आकडे साठवून ठेवणारा डेटा लॉगर वापरता येतो. त्यातल्या नोंदी वीज गेली तरी राहतात, आणि संगणकाला जोडल्यावर पाटीच्या ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये तक्ता दिसतो.

पीटीच्या तासाला जोड्या करा. एकाने १०० पावलं चालायचं, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचं. आधी पाटी घोट्याला, मग खिशात, मग मनगटावर. प्रत्येक वेळची चूक टक्क्यांत काढा. मनगटावर फळा पुसला तरी पावलं वाढतात, बाकावर बसून टाळ्या वाजवल्या तरी वाढतात. कुणीतरी हे पाच मिनिटांत शोधून काढेलच. त्याला ओरडू नका, त्याची पावलं फळ्यावर लिहा आणि ती खोटी कशी ओळखायची ते वर्गाला विचारा.