सातच्या बातम्या आणि गच्चीवरचा अँटेना

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांतलं ज्यांचं बालपण, त्यांना सातच्या बातम्या म्हटलं की भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांचे चेहरे आठवतात. ते चेहरे घरात नीट दिसावेत म्हणून काय काय करावं लागे, ते मात्र लिहून ठेवलेलं फारसं सापडत नाही.

अँटेना नीट लागला आहे की नाही, याची खरी परीक्षा बातम्यांतच होई. गाण्यात चित्र हलतं राहतं, दोष लपतो. बातम्यांत एकच चेहरा स्थिर, मागे साधा पडदा. कानाशेजारी दुसरा कान दिसला, की चित्राला सावली आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळे.

ही सावली बहुतेक वेळा उजवीकडे पडते. प्रक्षेपणाच्या लहरी थेट येतात आणि समोरच्या इमारतीवर किंवा डोंगरावर आपटूनही येतात. आपटून आलेल्या उशिरा पोचतात. 20 इंची पडद्यावर सावली 1 सेंटिमीटर सरकलेली असेल, तर त्या लहरी सुमारे 400 मीटर जास्त फिरून आल्या असं समजावं. म्हणजे अडथळा कुठे आहे याचा अंदाज खोलीत बसूनच येतो. सावली डावीकडे दिसली तर प्रकार वेगळा: प्रक्षेपणाचा टॉवर जवळ आहे आणि अँटेनाच्या आधी त्याच्यापासून टीव्हीपर्यंत येणारी चपटी वायर किंवा टीव्ही संचच लहरी पकडतो आहे.

मुंबईचं प्रसारण चौथ्या चॅनेलवर, 62 मेगाहर्ट्झच्या आसपास असे. त्यामुळे तिथल्या अँटेनाची मुख्य, लहरी पकडणारी आडवी नळी सव्वादोन मीटरच्या वर जाई. तेवढ्या नळीवर चार कावळे बसले की ती वाकलीच. आखूड नळ्या प्रक्षेपकाकडे, सगळ्यांत लांब नळी पाठीमागे, हा नियम. पुण्यात आखूड नळ्यांची तोंडं सिंहगडाकडे असत, कारण प्रक्षेपक तिथे. घाईत अँटेना उलटा बसवलेला असायचा आणि दोष बिचाऱ्या संचाला दिला जायचा.

फिरवायला तीन माणसं लागत: एक गच्चीवर, एक खिडकीत, एक टीव्हीसमोर. ‘आलं का?’, ‘गेलं!’, ‘थांब, थांब!’ ही साखळी चाळीत सगळ्यांना पाठ. यात नेहमीची चूक एकच. गच्चीवरचा माणूस पाइप धरूनच विचारतो. माणसाच्या अंगानेही चित्र बदलतं, म्हणून हात सोडला की पडद्यावर पुन्हा मुंग्या, म्हणजे वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. थोडंसंच फिरवायचं, हात सोडून दोन पावलं मागे व्हायचं, मग विचारायचं. जागा सापडली की क्लँप आवळायचा आणि पाइप व क्लँप या दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ ओढायची. वाऱ्याने अँटेना फिरला तर परत त्याच जागी आणायला ती रेघ पुरते.

पावसाळ्यात मुंग्या वाढतात त्या बहुतेकदा जोडामुळे. अॅल्युमिनियमच्या नळीला तांब्याची तार स्क्रूने जोडलेली असते. तिथे पाणी शिरलं की पांढरी भुकटी जमते. तार कापून नवं टोक सोलायचं, नळी काचकागदाने घासायची, स्क्रू आवळून वर ग्रीस लावायचं. चपटी वायर लोखंडी पाइपाला चिकटू द्यायची नाही. दर फुटा-दोन फुटांवर तिला एक पीळ द्यायचा, म्हणजे ती फडफडत नाही आणि भलतं काही पकडतही नाही.

आणि वीज. सात म्हणजे घरोघरी दिवे लागण्याची वेळ, दाब नेमका तेव्हाच उतरे. चित्र चारी बाजूंनी आखडलं की ते दाब कमी असल्याचं लक्षण. स्टॅबिलायझर त्यासाठीच. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा, जुना) संच असेल तर तो तापून चित्र यायलाच अर्धा-एक मिनिट जाई, आणि पुरता तापेपर्यंत चित्र वर-खाली पळे. लगेच व्हर्टिकल होल्डचं, म्हणजे पळणारं चित्र थांबवायचं बटण पिळू नये. गार संचावर जुळवलेलं चित्र दहा मिनिटांत पुन्हा पळू लागतं. पावणेसातला संच लावून ठेवणं बरं. पडद्यावर ‘व्यत्यय’ ही पाटी आली तर कशालाच हात लावायचा नाही, बिघाड वरळीला, दूरदर्शन केंद्रात आहे.

बातम्या संपल्या की टीव्हीच्या पेटीचं शटर ओढायला हरकत नाही. टीव्हीवरचं भरतकामाचं कापड मात्र संचाच्या मागची जाळी हाताला गार लागल्यावरच टाकायचं.