तोंडानं फुंकायची पेटी

आमच्याकडे पेटी वाजवणारे, गिटार बडवणारे, सगळ्या तऱ्हेचे पाहुणे येतात. न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडची ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ ही रेकॉर्ड लागलेली असली की त्यातलं कुणीतरी विचारतंच, “तुम्ही तर त्यांच्या आधीच्या बँडचे, जॉय डिव्हिजनचे कट्टर. त्याच मंडळींनी गिटारी सोडून मशिनं घेतली, ते कसं चालतं तुम्हाला?”

आता विचारलंतच, तर आधी हे सांगतो की गिटारी सोडलेल्याच नाहीत. १९८३ची ही रेकॉर्ड, त्यातलं पहिलंच गाणं ‘एज ऑफ कन्सेंट’ लावा. सुरुवात पीटर हुकच्या बेस गिटारनं. तोही बेससारखा खाली गुरगुरत नाही, वरच्या सुरांत चक्क चाल गातो. मागोमाग स्टीव्हन मॉरिसचे हातानं वाजवलेले ड्रम. सिंथेसायझर येतो तो नंतर.

मग मशिनं कशाला? १८ मे १९८० रोजी जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिसनं आत्महत्या केली. वय २३. जॉय डिव्हिजन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या बेतात होतं. उरलेल्या तिघांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं, गिलियन गिल्बर्ट आली, आणि गायचं कुणी यावर घोळ होऊन शेवटी बर्नार्ड समनर माइकपुढे उभा राहिला. १९८१ची ‘मूव्हमेंट’ माझ्याच्यानं फारशी ऐकवत नाही. सुतकात काढलेली रेकॉर्ड आहे ती, गेलेल्याच्या आवाजात बोलायची धडपड. कर्टिससारखं गाणं समनरला जमणारच नव्हतं. माझं आपलं मत असं, की यंत्रांनी त्याला त्यातून सोडवलं. तालाचा भार तिकडे गेला आणि त्याचा पातळ, बुजरा आवाज आहे तसा चालून गेला.

आणि यंत्रं तरी कसली! एक सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर क्रमानं वाजवणारं यंत्र, समनरनं किट आणून स्वतः सोल्डर करून जोडलेला. १९८३च्याच ‘ब्लू मंडे’ या गाण्यासाठी (ते वेगळं निघालं, मूळ ब्रिटिश एलपीवर नाही) गिल्बर्टनं सुरांचा अख्खा क्रम हातानं लिहून काढला, कागदाला कागद चिकटवत. मशीनमध्ये भरताना एक सूर राहून गेला नि चाल तालावरून किंचित सरकली. तशीच ठेवली त्यांनी. बिनचूक मशीनवाल्यांचं हे असं.

‘पॉवर, करप्शन अँड लाइज’च्या कव्हरवर फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रातली गुलाबांची टोपली आहे, पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही. तेही आवडतं, पण खरा जीव अडकलाय त्यातल्या ‘युअर सायलेंट फेस’ या गाण्यात. त्याचं कामचलाऊ नाव होतं ‘केडब्ल्यू १’, म्हणजे क्राफ्टवर्क, यंत्रांवर संगीत करणारा जर्मन बँड. कुणाकडून घेतलंय ते लपवायचा प्रश्नच नाही. सिक्वेन्सर घड्याळासारखा चाललेला, आणि त्यावर मेलोडिका. म्हणजे तोंडानं फुंकायची पेटी. एवढ्या तारा-बटणांच्या पसाऱ्यात कुणीतरी श्वास घेऊन वाजवतंय.

गेल्या खेपेला पेटीवाल्या पाहुण्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. चहा गार झाला, तो बदलून आणला.