एसटीचं टाइमटेबल आणि इंग्लिशचा तास

बीएडला भाषा कशी शिकली जाते ते सांगणारे क्रॅशन, स्किनर पाठ करून पेपर लिहिला की थिअरी संपली असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं, पण आपण वर्गात जे करतो त्याच्यामागे कुठली ना कुठली थिअरी असतेच. अख्ख्या वर्गाकडून एकच वाक्य घोकून घेतो ना, ते भाषा म्हणजे सवय असं मानणाऱ्यांकडून आलंय.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इंग्लिश शिकवण्याची वेगळी पद्धत मांडणाऱ्या एन. एस. प्रभूंचं काम. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये बंगलोर प्रोजेक्ट चालवला. त्यांचं म्हणणं असं की मुलांचं लक्ष अर्थाकडे असलं की व्याकरण आपोआप डोक्यात बसत जातं, म्हणून धड्याऐवजी रेल्वेचं टाइमटेबल, नकाशे बघून उत्तर शोधायचं, असले टास्क. आधी एक टास्क सगळ्या वर्गाबरोबर सोडवायचा, मग तसाच दुसरा ज्याचा त्याने. ग्रुपवर्क मुद्दाम टाळलेलं, कारण मुलं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील. साठ पोरांच्या वर्गात जिथे बाक हलवायला जागा नसते तिथे हे जमण्यासारखं आहे हो!

मी सातवीला एसटीच्या वेळा फळ्यावर लिहिते आणि विचारते, दहाच्या आत साताऱ्याला पोचायचंय, कुठली गाडी? मागच्या बाकावरून आवाज येतो, "एट थर्टी बस नो, इट रीच लेट." मी फक्त "येस, इट रीचेस लेट" म्हणते आणि पुढे जाते. तिथेच थांबवून लाल पेन काढला तर ते पोर परत तोंड उघडणार नाही. भाषाशास्त्रज्ञ सेलिंकरने १९७२ मध्ये इंटरलँग्वेज म्हटलं ते पोराचं हेच बोलणं, शिकणाऱ्याची स्वतःची अर्धीमुर्धी पण नियमात चालणारी भाषा.

पण नुसतं ऐकून, वाचून भागत नाही हेही तितकंच खरं. कॅनडात शाळेत बहुतेक विषय फ्रेंचमधूनच शिकलेली मुलं समजायला पक्की होती तरी बोलता-लिहिताना व्याकरणात कच्ची राहिली, त्यावरून तिथल्या भाषा-संशोधक मेरिल स्वेनने १९८५ मध्ये मांडलं की मुलांकडून भाषा वदवून, लिहून घ्यायला हवी. आपल्याकडे तर दिवसाला एक तास, बाहेर इंग्लिश कानावरही पडत नाही. म्हणून इथे मी प्रभूंपासून थोडी वेगळी जाते, टास्क झाल्यावर शेवटची पाच मिनिटं 'डिडन्ट वेंट' का चालत नाही ते सरळ मराठीतून सांगते आणि प्रत्येकाकडून त्याच टाइमटेबलवर दोन वाक्यं लिहून घेते.