स्लोवर सोडायचं नाही

आमच्या ॲम्बेसेडरचा आधीचा कॅमशाफ्ट चहाने खाल्ला. आणि तो चहा मी मागवला होता.

गाडी १९७२ची, मार्क टू. अण्णांनी सेकंडहँड घेतलेली. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात तिचं इंजिन बांधून घेतलं. सेल्फ मारल्याबरोबर सुरू झालं, स्लोवर, म्हणजे रेस न देता आपल्या मंद वेगावर, गुणगुणायला लागलं, आणि त्या आनंदात मी कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी चहा सांगितला. इंजिन तिकडे आपलं आपलं फिरतंय, आम्ही इकडे ग्लास धरून ‘काय गोड आवाज आहे’ म्हणतोय. अर्धा तास तरी गेला असेल. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, गॅरेजवाल्यांनाही नाही.

सहा महिन्यांत टॅपेट वाजायला लागले. सेटिंग करून आणायचं, पंधरा दिवसांत पुन्हा टकटक. मग एकदा कात्रजचा घाट चढताना कार्बोरेटरमधून फटाफट आवाज. मागे ट्रक, शेजारी अण्णा, आणि दोघांचेही हॉर्न चालू.

नाना पेठेतल्या मिस्त्रींनी कव्हर काढून आत बॅटरी मारली आणि एकच विचारलं, “ताई, बांधल्यावर पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काय केलं होतं?”

“चहा प्यायलो.”

“मग बरोबर.”

कॅमशाफ्ट म्हणजे आठ अंडी ओवलेला दांडा. प्रत्येक अंड्यावर एक टॅपेट, म्हणजे वर-खाली होणारा ठोकळा, टेकलेला. अंड्याचं टोक वर आलं की टॅपेट उचलला जातो, तो पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. आमच्या तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या अंड्याचं टोकच झिजून गेलं होतं. अंड्याचा गोटा झाला होता म्हणा. व्हॉल्व्ह पुरता उघडेना, जळलेला वायू बाहेर पडेना, आणि हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक उघडला की तो आल्या वाटेने उलटा जाई. घाटातले फटाके ते.

आता यात चहाचा दोष कसा, हे मला समजायला वेळ लागला, कारण आपलं सगळं शिक्षण याच्या उलट झालेलं. नवी वस्तू म्हटलं की जपायचं. नव्या चपला आधी घरात घालून फिरायचं. नवी गाडी आली की मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पाटी, आणि चाळीसच्या वर काटा गेला की घरातल्या ज्येष्ठांचा घसा खाकरायला सुरुवात. नव्या इंजिनला स्लोवर ठेवणं म्हणजे आमच्या दृष्टीने बाळाला पाळण्यात घालणं होतं.

कॅमला मात्र या लाडानेच मारता येतं. त्याच्यावर पंपाने थेट तेल येत नाही. खाली क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, गरागरा फिरतो, त्याच्या अंगावरून जे उडतं त्यावर त्याने भागवायचं. स्लोवर क्रँक तेल उडवणार ते किती? वरून स्प्रिंगचा सगळा दाब टोकाच्या त्या केसाएवढ्या रेषेवर. वेग वाढला की टोकावरचा तो दाब थोडा हलका होतो आणि तेलही भरपूर उडतं. म्हणून नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले की पहिली वीस मिनिटं, जमल्यास तीस, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही. एकाच वेगावरही धरायचं नाही. वर-खाली करायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं.

नवा कॅम आणि नवे टॅपेट आणले तेव्हा दुसरी गंमत मिस्त्रींनी हातात दिली. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरायला सांगितले. सपाट दिसणारे ते तळ कडेला एकमेकांना टेकत नव्हते. तिथून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. मध्ये किंचित, अगदी एक-दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) फुगीर. तिकडे लोबलाही, म्हणजे कॅमच्या अंड्यालाही, तेवढाच किंचित उतार. या दोन बेमालूम तिरकेपणांमुळे टॅपेट नुसता वर-खाली होत नाही, प्रत्येक वेळी स्वतःभोवती जरासा फिरतोही. फिरला तर झीज सगळ्या तळावर वाटली जाते. अडून बसला तर एकाच जागी घासतो आणि कॅम खातो. जुने टॅपेट नव्या कॅमला लावायचे नाहीत ते याचसाठी: त्यांचा तळ जुन्या लोबच्या सवयीने घडलेला असतो. जुनेच पुन्हा बसवायचे तर ज्याचा त्याला, क्रमाने.

प्लग काढून, हँडलने इंजिन हळू फिरवून त्यांनी मला ते दाखवलंही. पुशरॉडवर खडूची खूण केली होती. खूण वर येताना थोडी सरकली. पुन्हा थोडी. मी म्हटलं, अजून फिरवा ना. “चारच फेऱ्या, ताई. जास्त फिरवलं तर काळं पुसून जाईल.” काळं म्हणजे मोलीची, मॉलिब्डेनमच्या वंगणाची पेस्ट, लोबवर आणि टॅपेटच्या तळाला काजळासारखी फासलेली. पहिल्या काही क्षणांत, तेल उडून पोचेपर्यंत, तेवढाच आधार.

त्यामुळे इंजिन पहिल्याच सेल्फला लागायला हवं. सेल्फवर सेल्फ मारत बसलं की तीच काजळी पुसली जाते. ठिणगीचं टायमिंग आधीच लावून ठेवलं. तेलाच्या दाबाच्या गेजच्या जागेतून हातपंपाने आत तेल भरलं. पेट्रोलसाठी सलाइनची बाटली बॉनेटला टांगली. रेडिएटरसमोर आमचा टेबलफॅन, कारण गाडी उभीच राहणार होती. तेल घातलं ते डिझेल गाड्यांचं. त्यात जस्त-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, कॅमला तीच वाचवते. पेट्रोल गाड्यांच्या नव्या तेलांत ती कमी केली आहे, सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते म्हणून. आमच्या सायलेन्सरमध्ये बाधण्यासारखं काहीच नाही.

राहता राहिला शेजार. इंजिन आमच्या कोथरूडच्या घरी, पोर्चमध्ये चढवलं होतं. वीस मिनिटं सलग तो आवाज, तोही मध्येच बंद न करता! एक ते चार हा प्रश्नच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकांना मी आदल्या दिवशी जाऊन सांगून आले. काका खडकीच्या एका इंजिन कारखान्यातून निवृत्त झालेले, रोज पहाटे एआरएआयची टेकडी चढणारे. “चारला करा,” म्हणाले, “चारच्या आत नको.” कशाचा आवाज, हे त्यांनी विचारलंच नाही.

चार वाजून दोन मिनिटांनी सेल्फ मारला. लागलं. मिस्त्री ओरडले, “रेस!” मी पाय दाबला. त्याच क्षणी खुर्चीतून अण्णा ओरडले, “अगं हळू, नवं इंजिन आहे!”

“अण्णा, हळू केलं तर कॅम खाईल,” मिस्त्री म्हणाले. अण्णांनी तोंड फिरवलं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी ती गाडी साठच्या वर नेलेली नव्हती.

ॲम्बेसेडरला फेऱ्यांचा काटा नाही. मिस्त्रींनी कॉइलला मीटर जोडून दोन हजार दाखवले, मग अडीच हजार, आणि म्हणाले आता या दोन्हींमध्ये खेळवत राहा. मीटर बॉनेटकडे, मी स्टिअरिंगवर. पण लहानपणी पेटी शिकले होते त्याचा आयुष्यात एकदा उपयोग झाला. दोन हजारांवर चार सिलिंडरचा आवाज पेटीच्या पांढरी एकच्या जरा वर, दोन सप्तकं खाली लागतो. तो सा धरला, तर अडीच हजार म्हणजे बरोबर शुद्ध गंधार: चारास पाच. पेटीवरचा नव्हे, तो जरा चढा असतो. तानपुरा नीट जुळला की खर्जातून कोणी न छेडता ऐकू येतो, तो. मी सा वर दीड-दोन मिनिटं थांबायची, मग मींड घेतल्यासारखी गंधारावर जायची, परत यायची. मिस्त्री मीटरकडे बघून अंगठा दाखवायचे. असा बेसूर षड्ज पुण्यात कोणी लावला नसेल, पण ढळला नाही.

सातव्या मिनिटाला काका खाली आले. तक्रार करायलाच, चेहऱ्यावरून दिसत होतं. टेबलफॅनपाशी थांबले, सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, मग एक्झॉस्टच्या नव्या रंगातून निघणाऱ्या धुराकडे. मिस्त्रींच्या कानाशी जाऊन काहीतरी विचारलं, मिस्त्रींनी काहीतरी सांगितलं. काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते फक्त ‘अजून आठ’, ‘अजून पाच’ सांगायला.

मधेच आईने सवयीने चहा आणला. कोणी हात लावला नाही. माझ्या पोटरीत गोळा आला होता आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता: कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे वीस मिनिटांत निदान वीस हजार फेऱ्या, गुणिले आठ लोब, एक लाख साठ हजार वेळा. आणि त्यातलं एकही मला दिसत नव्हतं.

काकांनी हात वर केला. मिस्त्री म्हणाले, “सोडा आता, हळूच.” आवाज खाली उतरत गेला आणि स्लोवर टेकला. टॅपेटची शिवणयंत्रासारखी बारीक, सारखी टिकटिक. अण्णा काठी टेकत उठले, बॉनेटपाशी आले, बराच वेळ कान देऊन उभे राहिले. “आता कसं,” म्हणाले. चहावर एव्हाना जाड साय धरली होती. ती काढून आम्ही तो थंडच प्यायलो, इंजिन बंद करून.

इंजिनच्या तळाच्या चेंबरचं तेल लगेच काढायचं असतं. गरम, काळंकरडं तेल तसराळ्यात पडलं. काकांनी खिशातून लोहचुंबक काढलं (ते कधी आणलं होतं कोण जाणे), तेलातून फिरवलं, अंगठ्यावर पुसून उन्हात धरलं. नुसता मऊ राखाडी लेप, कीस नाही. “घासलंय, खाल्लेलं नाही,” त्यांनी निकाल दिला.

मिस्त्री तेल डब्यात ओतायला लागले, तसं काकांनी थांबवलं. वर जाऊन सरबताची रिकामी बाटली घेऊन आले.

“मोली आहे ना यात? थोडं द्या. जिन्याच्या दारासाठी. दुपारचं कोणी आलं की इतकं करकरतं, झोपमोड होते.”