तिसरी बाटली का लावली नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. “सेप्सिसच्या गाइडलाइन्स आहेत ना, मग मॅडम, तुम्ही त्या तंतोतंत का पाळत नाही?” नातेवाईक विचारतात, हल्ली ज्युनियर डॉक्टरही विचारतात.

पाळते हो. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं. शॉक असेल, म्हणजे बीपी फार पडलेलं असेल, तर कल्चरला (जंतू तपासायला) रक्त काढून तासाच्या आत अँटिबायोटिक, रिपोर्टची वाट न बघता. मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. यात माझा वाद नाहीच. वाद सलाईनचा: पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली.

भातलावणीच्या दिवसांत एक बाई आल्या. ताप, डोळे पिवळे, पोटरी नुसती दाबली तरी कळवळत होत्या. लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात पसरणारा जंतुसंसर्ग) वाटत होता. बीपी ८०/५०. वजन पन्नासच्या आसपास, म्हणजे हिशेबाने अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक दिलं, दोन बाटल्या धारेने सोडल्या. दुसरी संपत आली तेव्हा पाठीला स्टेथो लावला, तर दोन्हीकडे खाली चरचर, फुफ्फुसं भरू लागल्याची खूण. ऑक्सिजन ९४ वरून ८८. सलाईन थांबवलं आणि हाताच्या शिरेतूनच बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू केलं. मुलगा मोबाईल पुढे करून म्हणाला, “इथे तीन बाटल्यांचा हिशेब येतो.” लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, हे मी त्याला सांगितलं. त्याला ती पळवाट वाटली. पहाटे खोकल्यातून रक्त आलं, व्हेंटिलेटर लावला, दुपारी बाई गेल्या.

तो मुलगा अजूनही विचारतो, तिसरी बाटली का लावली नाही. त्याचा राग मला कळतो, कारण रेसिडेंट असताना मीही आकड्यांनाच धरून होते. अमेरिकेतले डॉक्टर रिव्हर्स यांच्या २००१ च्या सेप्सिसवरच्या अभ्यासाने आम्हाला पक्की वेळापत्रकं दिली होती. २०१४-१५ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांत त्या काटेकोर पद्धतीचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये झांबियातल्या चाचणीत तर ठरवून जास्त सलाईन दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. गाइडलाइन्सच्या २०२१ च्या आवृत्तीत ३० मिलीची शिफारसही ठाम राहिली नाही, सौम्य झाली.

पण माझ्यातली ती रेसिडेंट गप्प बसत नाही. म्हणते, झांबियातले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते, त्यांचा निष्कर्ष या बाईंना कसा लावतेस? आणि बीपी पडलेलं असताना हात आखडता घेतल्यानेही माणसं दगावतातच की. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी फुफ्फुसं भरत असल्याचं कानाला कळत असताना केवळ आकडा पुरा करायला बाटली लावणं माझ्याच्याने होणार नाही.