मधमाशी वास कसा लक्षात ठेवते

आमच्या गच्चीत तुळशीला मंजिऱ्या आल्या की सकाळी सातेरी मधमाश्या येतात आणि बाजूला जास्वंद फुललेली असली तरी तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे कसं जमतं म्हणून वाचायला घेतलं आणि वेडच लागलं!

लॅबमधे मधमाशीला छोट्या नळीत बसवतात, फक्त डोकं बाहेर, मग एखादा वास सोडतात आणि दोन-तीन सेकंदांत तिच्या मिशांना साखरेचं पाणी टेकवतात, की ती लगेच सोंड बाहेर काढते. असं दोन-तीनदाच केलं की पुढे नुसत्या वासावरच सोंड बाहेर, आणि हे तिला कित्येक दिवस आठवतं. मेंदू केवढा, तर मोहरीच्या दाण्याएवढा. १९९३ मधे बर्लिनच्या मार्टिन हॅमरने तर दाखवलं की साखर न देता मेंदूतली एकच ठराविक पेशी उत्तेजित केली तरी ती वास शिकते. एकच पेशी!!

नाक नाहीच तिला, वास कळतो तो मिशांनी. आणि फुलं सापडल्याचं सांगायला पोळ्यात नाचणाऱ्या माशीच्या अंगाला फुलाचा वास असतो ना, तो बाकीच्या माश्या मिशा लावून घेतात आणि मग बाहेर जाऊन तोच शोधतात. आज मंजिरीवर एक उतरली तेव्हा मी फक्त तिच्या मिशाच बघत बसले, सारख्या हलत होत्या.